तेवीस वेळा विचारलेला प्रश्न

“आणि तू कोण?”

हलीमाआपांनी हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा शार्दूलने कप खाली ठेवला.

पहिल्यांदा त्यांनी दार उघडताना विचारलं होतं. ते समजण्यासारखं होतं. तो सहा वर्षांनी मिरजेला येत होता. “शार्दूल खरमाटे, आपा. तुमच्या क्लासचा.” त्यांनी मान हलवली आणि आत घेतलं.

मग तो बसायला गेला, तर म्हणाल्या, “थांब. तू कोण?”

“शार्दूल.”

“शार्दूल असशील तर त्या वेताच्या खुर्चीत बस.”

आता साखरेचा चमचा हवेत धरून पुन्हा तेच.

“शार्दूल, आपा,” तो हळू आवाजात म्हणाला. आजारी माणसाशी बोलावं तसा.

“शार्दूल असशील तर दीड चमचा.”

आपा आता एकाहत्तर वर्षांच्या होत्या. सव्वीस वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काढली, चाळिशीत स्वतःच्या स्वतः प्रोग्रॅमिंग शिकल्या, निवृत्त झाल्यावर याच खोलीत अर्ध्या मिरजेच्या पोरांना शिकवलं. आणि आता ही अवस्था... कुणी सांगितलं कसं नाही आपल्याला?

“लॅपटॉप लावू का, आपा? प्लग कुठे आहे?”

“तू कोण?”

“शार्दूल.”

“शार्दूल असशील तर खिडकीखाली.”

त्याने प्लग लावला. उकडत होतं.

“पंखा जरा वाढवू का?”

आपांनी चष्म्यावरून बघितलं.

“तू कोण?”

“आपा!” तो उठूनच उभा राहिला. “दारातच सांगितलं ना मी कोण ते! ऐकलंत, आत घेतलंत. आता दर गोष्टीला तेच काय विचारताय?”

आपा उठल्या.

मग त्यांनीच पंखा वाढवला.

“मला काही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “तू तिसऱ्या रांगेत बसायचास. मी फळ्यावर चुकले की सगळ्यांत आधी तुझा हात वर. तुझा कोड रक्तपेढीच्या डॉक्टरांनी काल पाठवला. सकाळपासून वाचतेय. त्या रक्ताच्या पिशवीला तू हाच प्रश्न तेवीस वेळा विचारलायस.”

शार्दूल खाली बसला.

“तुला पाचव्यांदा राग आला,” आपा म्हणाल्या. “पिशवीला येत नाही, एवढंच.”

झालं होतं ते असं.

शार्दूलची पुण्यात छोटी कंपनी होती. तिचा प्रोग्रॅम चौदा रक्तपेढ्यांत चालायचा. रक्ताची पिशवी आली की तिची नोंद करायची, लेबल छापायचं, कुठे ठेवायची ते सांगायचं, मुदत संपत आली की आठवण द्यायची. पिशव्या सगळ्या सारख्या नसतात. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये राहतात. प्लाझ्मा गोठवतात. प्लेटलेट मात्र खोलीइतक्याच उबेत, सतत हलत्या ट्रेवर ठेवतात, आणि त्या पाचच दिवस टिकतात.

शार्दूलच्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे पिशवीचं काही करायचं होतं, तिथे तिथे आधी चौकशी होती. तांबड्या पेशी असतील तर हे, प्लाझ्मा असेल तर ते, प्लेटलेट असतील तर आणखी काही. अशा तेवीस जागा.

मिरजेत आपांच्याच जुन्या रक्तपेढीत नवं यंत्र आलं. एकाच दात्याकडून फक्त प्लेटलेट काढून घेणारं. म्हणजे पिशवीचा नवा प्रकार. शार्दूलने बावीस जागी त्याची भर घातली.

राहून गेलेली तेविसावी जागा लेबलची होती.

गेल्या सोमवारी त्या नव्या पिशवीवर लेबल छापून आलं : फ्रिजमध्ये ठेवा.

त्या दिवशी शिबिराच्या बत्तीस पिशव्या एकदम आल्या होत्या. लेबल बघून पिशव्या लावण्याचं काम मंदाकिनी पाटोळेंकडे होतं. लेबलवर फ्रिज होतं, त्यांनी फ्रिजमध्ये ठेवली. दुपारी वॉर्डातून मागणी आली, तेव्हा ट्रे रिकामा. पिशवी सापडली ती सहा तास गारठलेली. फेकून द्यावी लागली.

वॉर्डात डेंग्यूची आठ वर्षांची मुलगी होती. नाकातून रक्त येत होतं. दुसरा दाता मिळून नवी पिशवी तयार व्हायला संध्याकाळ झाली. मुलगी वाचली. पण त्या चार तासांत तिच्या आईने रक्तपेढीच्या काउंटरवर नऊ खेपा घातल्या.

शार्दूलने तेविसावी जागा दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केली, आणि एक अहवाल पाठवला. त्यात लिहिलं होतं : अनुभवी कर्मचाऱ्याने पिशवी पाहून खात्री करणे अपेक्षित होते.

रक्तपेढीचे डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यात आणखी दोन प्रकार येणार आहेत. त्याआधी तुमचा कोड आपांना दाखवून या. नाहीतर आम्ही दुसरी कंपनी बघतो.

म्हणून तो आला होता.

“विचारल्याशिवाय कळणार कसं, आपा?” शार्दूल म्हणाला. “प्रत्येक प्रकाराचं वेगळं आहे.”

“एकदा विचार. दारात.”

“आणि आत?”

“आत कुणी विचारायचं नाही. दारात कळलं ना, प्लेटलेट आहे? मग प्लेटलेटचं सगळं ज्याला माहीत आहे, असं एक काहीतरी तिथेच तयार कर आणि आत पाठव. लेबलवाल्याने म्हणायचं, तुझं लेबल दे. फ्रिजवाल्याने म्हणायचं, तुला कुठे ठेवू. ज्याचं त्याने सांगायचं.”

“म्हणजे पॉलिमॉर्फिझम,” शार्दूल म्हणाला. त्याला जरा हायसं वाटलं. “आणि दारात ते तयार करून देणारी फॅक्टरी. माहीत आहे मला, आपा. मी मुलाखतीत विचारतो हे पोरांना.”

“विचारतोस?”

“नेहमी.”

“बरं.” आपांनी कप उचलले. “सोमवारी ये. करून घेऊन ये.”

शनिवारी सकाळी त्याने काम पाठवलं. अकरा वाजता आपांचा फोन आला.

“अजून चार ठिकाणी विचारतोयस.”

“त्या चार जागा वेगळ्या आहेत, आपा. तिथे जरा गुंतागुंत...”

“त्या तेवीसही वेगळ्याच होत्या.”

“चारच तर राहिल्यात.”

“चुकायला किती लागतात?”

“आपा, तुम्हाला खरं सांगू का? बाहेर सगळीकडे असंच लिहितात. थोडं इकडे, थोडं तिकडे. प्रत्येक गोष्ट पुस्तकात असते तशी करत बसलो तर...”

पलीकडे काहीच ऐकू येईना. त्याने मोबाइल कानापासून लांब धरून पाहिलं. फोन केव्हाच बंद झाला होता.

त्याने मोबाइल सोफ्यावर आपटला. बायकोने विचारलं काय झालं. “काही नाही,” तो म्हणाला, आणि पुन्हा काम करायला बसला. रविवारी दुपारी शेवटची चौथी जागा निघाली. गुंतागुंत फारशी नव्हती. त्याला कंटाळा आला होता, इतकंच.

सोमवारी तो पोचला, तेव्हा वेताच्या खुर्चीत आधीच कुणीतरी बसलं होतं.

पन्नाशीच्या बाई. साधी सुती साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

“या मंदाकिनी,” आपा म्हणाल्या. “तुझा कोड वाचायला बोलावलंय.”

शार्दूलला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“आपा... ताईंना प्रोग्रॅमिंग येतं?”

“नाही.”

“मग?”

“पिशव्या येतात.”

मंदाकिनीबाई अवघडल्या. “मी सांगितलं आपांना, मला यातलं काही कळत नाही म्हणून, सर.”

“तो सर नाही,” आपा म्हणाल्या. “शार्दूल, प्लेटलेटचं पान उघड.”

त्याने उघडलं. आता सगळं एका जागी होतं. नव्या यंत्रावरच्या प्लेटलेटचा एक क्लास, म्हणजे कोडमधला एक साचा, आणि त्या क्लासला जे जे माहीत हवं ते एकाखाली एक. आपांनी लॅपटॉप बाईंकडे वळवला आणि बोट ठेवून एकेक ओळ मराठीत सांगत गेल्या. लेबलवर काय छापायचं. किती अंश. किती दिवस. कुठे ठेवायचं. कुणाला चालेल.

मंदाकिनीबाई पुढे झुकल्या. पर्स मांडीवरून घसरली, त्यांचं लक्ष नव्हतं.

“वीस ते चोवीस अंश. बरोबर. पाच दिवस. बरोबर.” त्या थांबल्या. “आणि हलवत ठेवायचं कुठे लिहिलंय?”

शार्दूलने वर पाहिलं.

“खाली असेल,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “मला दिसत नसेल.”

त्याने खालपर्यंत पाहिलं. मग पुन्हा वरपासून.

नव्हतं.

“जुन्यात होतं का?” आपांनी विचारलं.

जुन्या तेवीस जागा त्याला आता तोंडपाठ होत्या. “नाही,” तो म्हणाला. “कुठेच नव्हतं.”

“आम्ही ट्रेच्या वर कागद चिकटवलाय,” बाई म्हणाल्या. “स्केच पेनने. बटण बंद करू नये म्हणून. चार वर्षं झाली त्याला.”

“चार वर्षं? मग आम्हाला कळवलं का नाहीत?”

“कळवलं होतं, सर. दोनदा.”

त्याला ते दोन्ही निरोप आठवले. दोन्ही वेळा त्याने एकच उत्तर दिलं होतं : पुढच्या आवृत्तीत पाहू. तेव्हा तेवीस जागी हात घालायचा कंटाळा आला होता.

त्याने एक ओळ लिहिली. एकाच जागी. दोन मिनिटंही लागली नाहीत.

“झालं?” बाईंना खरं वाटेना. “एवढंच होतं?”



आपांनी बाईंकडे हात केला. “ते दाखव त्याला.”

“राहू दे ना, आपा.”

“दाखव म्हणते ना.”

बाईंनी पर्समधून चार घड्यांचा कागद काढला. रक्तपेढीच्या व्यवस्थापनाची नोटीस होती. हलगर्जीपणाबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. खाली आधार म्हणून शार्दूलच्या अहवालातलं वाक्य शब्दशः उतरवलं होतं. अनुभवी कर्मचाऱ्याने पिशवी पाहून खात्री करणे अपेक्षित होते.

त्याने ते वाचलं. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या कागदावर फार वेगळं दिसत होतं.

“बावीस वर्षं झाली मला,” बाई म्हणाल्या. “एरवी मी डोळे मिटून सांगेन हातात काय आहे ते. त्या दिवशी खरंच घाई होती. लेबल वाचत गेले नि ठेवत गेले. चुकलंच माझं.”

“नाही,” शार्दूल म्हणाला. “तुमचं नाही. मी... मी डॉक्टरांना आत्ता लिहितो.”

त्याने लॅपटॉप जवळ ओढला आणि मोठ्याने वाचत लिहू लागला. “गेल्या सोमवारच्या घटनेत चूक झाली होती, ती...”

“कुणाकडून?” आपांनी विचारलं.

“...प्रोग्रॅमकडून चूक झाली होती...”

“प्रोग्रॅम झाडाला लागला होता?”

त्याने कपाळावरचा घाम पुसला. “आपा, अधिकृत पत्रात जरा भाषा...”

“भाषा तुझ्या अहवालात चांगली होती. त्या भाषेने हिची नोकरी जायची वेळ आली.”

त्याने सगळं खोडलं. मग त्याने लिहिलं : लेबल चुकीचे छापले गेले, कारण नवा प्रकार मी एका जागी घालायचा विसरलो. श्रीमती पाटोळे यांनी लेबलनुसार काम केले. माझा आधीचा अहवाल चुकीचा होता, तो मी मागे घेत आहे. कृपया त्यांची नोटीस रद्द करावी.

पाठवलं.

मंदाकिनीबाई खिडकीकडे बघत होत्या. डोळ्याला पदर लावून झाल्यावर त्यांनी नोटीस पुन्हा चार घड्या करून पर्समध्ये ठेवली.

पाच-सात मिनिटांत त्यांचा मोबाइल वाजला. डॉक्टर होते. बाई नुसतं “हो सर... हो सर...” करत राहिल्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, “खुलासा नको म्हणाले. उद्या पहिल्या पाळीला या म्हणाले.”

आपांनी चहा टाकला.

शार्दूलला हलकं वाटत होतं. आठवडाभरात पहिल्यांदाच. “आता फॅक्टरी बघा, आपा,” तो उत्साहाने म्हणाला. “प्रश्न विचारणारी अख्ख्या प्रोग्रॅममध्ये ही एकच जागा उरलीय. पुढच्या महिन्यात दोन प्रकार येऊ देत, नाहीतर दहा. दोन क्लास लिहायचे, इथे दोन नावं नोंदवायची. बाकी कशाला हात नाही.”

आपांनी पाहिलं. प्रकार आणि त्याच्यासमोर त्याचा क्लास, अशी सुटसुटीत यादी होती. त्यांनी ती वरून खाली वाचली. शार्दूल वाट बघत राहिला. शिकत होता तेव्हाही त्या चांगलं म्हणायच्या नाहीत, वही नुसती परत द्यायच्या. तेवढंही त्याला पुरलं असतं.

“ही शेवटची ओळ काय आहे?” त्यांनी विचारलं.

“ती ना? यादीत नसलेलं काही आलं तर त्यासाठी. काही घोटाळा होऊ नये म्हणून.”

“यादीत नसलेलं आलं तर काय करतो हा?”

“तांबड्या पेशी समजतो. नव्वद टक्के पिशव्या त्याच असतात, आपा.”

मंदाकिनीबाईंनी कप खाली ठेवला.

“म्हणजे फ्रिजमध्ये,” त्या म्हणाल्या.

“हो. म्हणजे...” शार्दूल अडखळला. “पण तसं होणारच नाही. आम्ही प्रकार आधी नोंदवू ना.”

“आणि नोंदवायचा राहिला तर?”

“ताई, प्रोग्रॅमला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. तो अडून बसला तर तुमचं काम थांबेल. रांग लागेल. लोक ओरडतील.”

“थांबू दे की!” बाईंचा आवाज एकदम चढला. त्यांनाही ते अनपेक्षित असावं. “त्या दिवशी थांबला असता, तर मी पिशवी हातात घेऊन बघितली असती. थांबला नाही म्हणून तर...” मग हळूच म्हणाल्या, “त्या पोरीची आई नऊ वेळा आली होती काउंटरवर.”

शार्दूलने मदतीसाठी आपांकडे पाहिलं. आपा डोळे मिटून बसल्या होत्या. थकलेल्या दिसत होत्या. वैतागलेल्याही.

“आपा, हा तुमच्या-माझ्यातला तांत्रिक मुद्दा आहे. प्रत्येक फॅक्टरीत शेवटी काहीतरी गृहीत धरावंच...”

“ती पिशवी कुणाची होती?” आपांनी डोळे न उघडता विचारलं.

“कुठली?”

“फेकलेली.”

“दात्याचं नाव?” तो म्हणाला. “असेल कुणीतरी... कॉलेजचा मुलगा वगैरे. शिबिराला तेच येतात बहुतेक.”

“शिबिरातली नव्हती ती,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “आम्ही फोन करून बोलावलं होतं. राजाक्का कांबळे. एसटीत वाहक आहेत. रात्रीची पाळी संपवून तशाच आल्या बेळंकीहून, दोन गाड्या बदलून. यंत्रावर दीड तास बसल्या. उठताना चक्कर आली तर म्हणाल्या, मुलीला माझा निरोप द्या, लवकर बरी हो म्हणावं.”



“त्यांना सांगितलंत?” शार्दूलने विचारलं. “पिशवी वाया गेल्याचं?”

“मीच केला फोन. ‘बरं’ म्हणाल्या नि ठेवला.”

आपांनी डोळे उघडले.

“शार्दूल. पुढच्या वेळी बोलावलं तर राजाक्का येतील का?”

“येतील की,” तो लगेच म्हणाला. “असे लोक...”

आणि थांबला.

आपा बघत होत्या. मंदाकिनीबाईही. त्याने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. तिसऱ्या रांगेतून पहिला हात वर करणाऱ्या त्या पोराला काहीतरी उत्तर द्यायचंच होतं. काहीही...



“मला माहीत नाही, आपा,” तो म्हणाला.

आपांनी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला आणि त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हं. हे लिही इथे.”